नाव नसलेल्या वस्तू

प्रस्तावना

रोजच्या वापरातील एखादी लहानशी वस्तू डोळ्यांसमोर असते, हाताला तिची सवय असते, परंतु तिचे नाव विचारले की आपण गप्प होतो. मग ‘ते हे’, ‘ते गोल गोल असते ना’, ‘त्याचे ते टोक’ अशा शब्दांनी आणि हातवाऱ्यांनी आपण काम भागवतो. अशा वस्तूंना खरोखरच नावे नसतात का? नसल्यास ती कोणी द्यायची? आणि दिलेली सगळीच नावे लोकांच्या तोंडी का बसत नाहीत? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी आपण महाराष्ट्रातून थोडे दूर, चेन्नई शहरात जाणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• वस्तूंना नावे कोणकोणत्या रीतींनी मिळतात, हे सांगू शकाल;
• मराठी आणि तमिळ या दोन भाषांतील शब्दघडणीची तुलना करू शकाल;
• नवा शब्द का टिकतो व का टिकत नाही, याची कारणे स्पष्ट करू शकाल;
• आपल्या व्यवसायातील वस्तूंची नावे नोंदवून ठेवू शकाल.

मूळ पाठ

१. दुकानाच्या पायरीवर

समजा, तुम्ही नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत नव्याने राहायला आला आहात. घरातील नळ ठिबकतो आहे. नळाच्या आत एक लहान रबरी चकती असते, ती झिजली आहे, एवढे तुम्हाला कळते. जॉर्ज टाउनच्या गजबजलेल्या गल्लीत तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे आहात. तमिळ येत नाही ही एक अडचण आहेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, त्या चकतीला मराठीत काय म्हणतात हेही तुम्हाला नेमके आठवत नाही. तुम्ही बोटांनी वर्तुळ करून दाखवता. दुकानदार एकापाठोपाठ एक वस्तू पुढे ठेवतो. त्यांतली एकही ती नसते.

तेवढ्यात शेजारी उभा असलेला नळकाम करणारा कारागीर म्हणतो, “वाशर!” दुकानदार लगेच पुडी बांधतो. गावाकडचा प्लंबर ज्याला ‘वायसर’ म्हणतो, तेच हे. मूळ इंग्रजी शब्द मराठी कारागिराच्या तोंडी एक रूप घेऊन बसला आणि तमिळ कारागिराच्या तोंडी दुसरे. नाव होते; ते तुम्हाला ठाऊक नव्हते, इतकेच.

या साध्या प्रसंगातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ज्या वस्तूला नाव नाही असे आपल्याला वाटते, तिला बहुधा कोठेतरी, कोणाच्या तरी तोंडी नाव असते. ते नाव जो ती वस्तू घडवतो, दुरुस्त करतो किंवा रोज हाताळतो, त्याच्याजवळ असते. पुष्कळ शिकलेल्या माणसालाही सदऱ्याच्या बटणाच्या भोकाला काय म्हणावे ते सुचत नाही. शिंप्याला मात्र ‘काज’ हा शब्द सहज सुचतो. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्याचा दोरीला बांधलेला लोलक म्हणजे ‘ओळंबा’ आणि कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्याचे साधन म्हणजे ‘गुण्या’, हे गवंड्याला शिकवावे लागत नाही. बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी गड्डा म्हणजे ‘तुंबा’, त्यातून निघणारे ‘आरे’ आणि चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे ‘धाव’, हे गाडी हाकणारा जाणतो. म्हणून ‘याला शब्दच नाही’ असे म्हणण्यापूर्वी ‘हा शब्द कोणाला विचारावा?’ असा प्रश्न स्वतःला करणे बरे.

२. नावे कशी पडतात?

वस्तूंची जुनी नावे थोडी बारकाईने पाहिली, तर ती काही ठरावीक रीतींनी घडलेली दिसतात.

पहिली रीत कामावरून नाव देण्याची. ज्याने गाळायचे ती गाळणी, चाळायचे ती चाळणी, किसायचे ती किसणी, फुंकायचे ती फुंकणी, लाटायचे ते लाटणे, उलथायचे ते उलथणे. क्रियापदाला ‘णी’ किंवा ‘णे’ जोडले की साधनाचे नाव तयार होते. हा साचा इतका सोपा आहे की, लहान मूलसुद्धा त्यातून नवा शब्द पाडू शकते.

दुसरी रीत शरीराच्या अवयवांवरून नाव देण्याची. कढईला कान असतात, करवतीला दात, खुर्चीला पाय आणि बाटलीला गळा. सुईच्या छिद्राला आपण ‘नेढे’ म्हणतो. आणि राजगड किंवा रतनगड यांच्या माथ्यावर खडकाला पडलेल्या आरपार भोकालाही नेढेच म्हणतो. सुईपासून डोंगरापर्यंत एकच शब्द पुरतो, कारण लोकांच्या नजरेने दोन्हींतले साम्य हेरले.

तिसरी रीत लहान-मोठेपणा दाखवण्याची. मराठीत नुसते लिंग बदलले की वस्तू लहान होते : विळा–विळी, डबा–डबी, खुंटा–खुंटी, दोर–दोरी, टोपले–टोपली. शेतातला विळा घरात येऊन पाटावर बसला आणि त्याची विळी झाली. तमिळमध्ये विळीला ‘अरिवाळ्मणै’ म्हणतात. ‘अरिवाळ्’ म्हणजे कोयता किंवा विळा आणि ‘मणै’ म्हणजे बसायचा पाट. दोन भाषांची वाट वेगळी, पण दोघींनाही शेतातले पाते स्वयंपाकघरात आलेले दिसले.

चौथी रीत द्रव्यावरून नाव देण्याची. तांब्याचा म्हणून तो ‘तांब्या’. तमिळमध्येही ‘सेंबु’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : तांबे हा धातू आणि पाणी पिण्याचे लहान भांडे. आज ते भांडे बहुतेक घरांत स्टीलचे असते, तरी पुण्यात तो तांब्याच आहे आणि चेन्नईत तो सेंबुच. वस्तू बदलली तरी नाव जुनी आठवण सांभाळून ठेवते.

पाचवी रीत आवाजावरून नाव देण्याची. मोटरसायकल खेड्यात आली तेव्हा तिच्या आवाजावरून लोकांनी तिला ‘फटफटी’ म्हटले. हे नाव कोणत्याही समितीने ठरवले नव्हते.

सहावी रीत उसनवारीची. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ‘शाव्ह’ या शब्दाची मराठीत ‘चावी’ झाली आणि तमिळमध्ये ‘सावि’. मराठीतील ‘मेज’ आणि तमिळमधील ‘मेसै’ यांचाही ओढा त्याच काळाकडे जातो. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठी राजघराणे नांदले. त्या काळात मराठी आणि तमिळ यांचा निकटचा सहवास घडला. तमिळमध्ये पाण्याच्या मोठ्या भांड्याला ‘कंगाळम्’ म्हणतात. आपल्या ‘घंगाळा’शी असलेले त्याचे साम्य ऐकताक्षणीच जाणवते.

३. एकाजवळ शब्द, दुसऱ्याजवळ वाक्य

प्रत्येक भाषा सर्वच गोष्टींना नावे देत नाही. ज्या गोष्टीशी रोज गाठ पडते, तिला ती नाव देते. बाकीच्या गोष्टी वाक्यांवर सोडते.

चेन्नईतील कोणत्याही उपाहारगृहात कॉफी मागितली, तर ती उंच पेला आणि त्याखाली काठ असलेली बसकी वाटी अशा जोडीत येते. त्या वाटीला ‘डबरा’ म्हणतात. कॉफी पेल्यातून डबऱ्यात आणि डबऱ्यातून पेल्यात अशी उंचावरून ओतली जाते, म्हणजे ती निवते आणि तिच्यावर फेस येतो. या सबंध क्रियेला बोली तमिळमध्ये ‘आत्तु’ हे एकच क्रियापद आहे. मराठीत आपल्याला ‘वर-खाली करून निववणे’ असे सांगावे लागते.

उलटपक्षी, डोक्यावर हंडा ठेवण्यापूर्वी कापडाची जी गोल वळी करून ठेवतात, तिला मराठीत ‘चुंबळ’ असे नेमके नाव आहे. तमिळमध्येही त्यासाठी ‘सुम्माडु’ हा शब्द आहे. शिवाय भांडे जमिनीवर स्थिर राहावे म्हणून त्याखाली ठेवायच्या काथ्याच्या किंवा गवताच्या कड्याला ‘पिरिमणै’ असे वेगळे नाव आहे. मराठीत आपण त्यालाही चुंबळच म्हणतो. ज्या समाजाने डोक्यावरून ओझी वाहिली, त्याने ओझे आणि डोके यांच्यामधल्या एवढ्याशा वस्तूलाही नाव दिले. नळ आला तेथून हंडा गेला, हंड्याबरोबर चुंबळ गेली, आणि आज शहरातील अनेक मुलांना तो शब्द माहीत नाही.

चुलीचेही असेच आहे. मुख्य चुलीच्या शेजारी, तिच्याच आचेवर चालणारे जे लहान तोंड असते, त्याला मराठीत ‘वैल’ म्हणतात. भात चुलीवर शिजवायचा आणि आमटी वैलावर ठेवायची, अशी रीत होती. तमिळमध्ये याच वैलाला ‘कोडि अडुप्पु’ म्हणतात. ‘अडुप्पु’ म्हणजे चूल आणि ‘कोडि’ म्हणजे वेल. मोठ्या चुलीतून जाळ जणू वेलीसारखा बाजूला पसरतो! गॅसच्या शेगडीला मोठे आणि लहान असे दोन बर्नर आले; लहान बर्नरला वैल म्हणता आले असते. पण तसे कोणाला सुचले नाही, आणि एक चांगला शब्द चुलीबरोबर विझत चालला.

४. चेन्नईतील शब्दांची टांकसाळ

नव्या वस्तूंना जाणीवपूर्वक नावे घडवण्याचे काम तमिळ भाषेत मोठ्या प्रमाणावर झाले आहे. तमिळमध्ये या कामाला ‘सोल्लाक्कम्’, म्हणजे शब्दनिर्मिती, असे म्हणतात. चेन्नई हे त्याचे एक प्रमुख केंद्र.

या प्रयत्नामागे एक चळवळ होती. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात तमिळचे अध्यापन केलेले आणि पुढे मद्रासजवळच्या पल्लावरम् येथे राहिलेले स्वामी वेदाचलम् (१८७६–१९५०) यांनी १९१६ साली शुद्ध तमिळचा पुरस्कार सुरू केला. त्यांनी प्रथम स्वतःचेच नाव बदलले. ‘वेद’ या शब्दासाठी ‘मरै’ आणि ‘अचल’, म्हणजे पर्वत, यासाठी ‘मलै’ असे तमिळ शब्द घेऊन ते ‘मरैमलै अडिगळ्’ झाले. मद्रास विद्यापीठाचा सहा खंडांचा तमिळ कोश १९२४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाला. १९७४ साली राज्य शासनाने तमिळ शब्दांच्या व्युत्पत्तिकोशासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापले. देवनेय पावाणर् हे त्याचे पहिले संचालक होत.

या टांकसाळीतून पडलेली काही नाणी पाहू. ‘मिन्’ म्हणजे वीज आणि ‘अंजल्’ म्हणजे टपाल. त्यावरून ई-मेलला ‘मिन्नंजल्’. ‘मिदि’ म्हणजे पाय देऊन दाबणे. त्यावरून सायकलला ‘मिदिवंडि’. ‘वान्’ म्हणजे आकाश आणि ‘ओलि’ म्हणजे ध्वनी. त्यावरून रेडिओला ‘वानोलि’. संगणकाला ‘कणिनि’. आपल्या ‘आकाशवाणी’शी आणि ‘संगणका’शी यांचे साम्य उघड आहे.

परंतु अधिक विचार करण्याजोगी आहेत ती लहान वस्तूंची नावे. तमिळमध्ये क्रियापदाच्या शेवटी ‘इ’ जोडली की ते काम करणाऱ्या साधनाचे नाव तयार होते. ‘पेसु’ म्हणजे बोलणे. म्हणून हातातला दूरध्वनी ‘कैपेसि’, म्हणजे हातबोल्या. ‘सुट्टु’ म्हणजे बोट दाखवणे. म्हणून संगणकाचा माउस झाला ‘सुट्टि’. मराठी माणसाला हा शब्द ऐकून शाळा सुटल्याचा आनंद झाला तर नवल नाही! ‘वरुडु’ म्हणजे हळुवार हात फिरवणे. म्हणून कागदावरून प्रकाश फिरवणारा स्कॅनर झाला ‘वरुडि’. ‘विरल्’ म्हणजे बोट. म्हणून बोटाएवढ्या पेन ड्राइव्हला ‘विरलि’ हे नाव सुचवले गेले. हळकुंडालाही तमिळमध्ये ‘विरलि मंजळ्’ म्हणतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दातला घरगुतीपणा कळतो.

पाहा, ही तर आपल्या गाळणी-चाळणीचीच रीत आहे. वस्तू अगदी नवी, पण शब्दाचा साचा आजीच्या स्वयंपाकघरातला. म्हणून असा शब्द प्रथमच ऐकणाऱ्या तमिळ माणसाला तो अर्धा तरी समजतो.

५. मराठीतील प्रयत्न

मराठीलाही हे काम नवे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. त्यात कारभारातील फारसी आणि अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांत दुर्ग, शस्त्रे आणि लेखन यांच्याबरोबर उपभोगाच्या वस्तू आणि बाजार यांनाही जागा मिळाली आहे. विशेष म्हणजे, हे हणमंते दक्षिणेत, शहाजीराजे आणि व्यंकोजीराजे यांच्या पदरी कारभार केलेले होते.

विसाव्या शतकात वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. दिनांक, महापौर, हुतात्मा असे आज रुळलेले अनेक शब्द त्यांच्या नावावर आहेत. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० सालीच भाषा संचालनालय सुरू झाले आणि कार्यालयीन परिभाषेचे काम शासनाने हाती घेतले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६१ साली, केंद्र शासनाने वैज्ञानिक आणि तांत्रिक परिभाषेसाठी आयोग नेमला.

या सर्व प्रयत्नांचा भर राज्यकारभार, कायदा आणि विज्ञान यांवर होता. स्वयंपाकघर, कारखाना आणि रस्ता यांतील किरकोळ वस्तू बहुधा लोकांवरच सोडल्या गेल्या.

६. नाव टिकते केव्हा?

घडवलेला प्रत्येक शब्द टिकतोच असे नाही. ‘महापौर’ टिकला. ‘दिनांक’ कागदावर स्थिर झाला, पण बोलताना आपण ‘तारीख’च म्हणतो. ‘पंतप्रधान’ हे पदनाम असूनही लोकांच्या तोंडी दीर्घकाळ ‘पेशवा’च राहिला, आज मात्र देशाच्या कारभाराचा प्रमुख म्हणून ‘पंतप्रधान’ हा शब्द कोणालाही समजतो. ‘भ्रमणध्वनी’ निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी भेटतो; खिशात मात्र मोबाइलच असतो.

चेन्नईतही हेच घडते. कोयंबेडु येथे २००२ साली सुरू झालेल्या बसस्थानकाच्या नावात बससाठी ‘पेरुंदु’ हा तमिळ शब्द आहे. पण थांब्यावर उभा असलेला माणूस ‘बस् आली का?’ असेच विचारतो. मोबाइलसाठी तर तेथे एकाहून अधिक शब्द पुढे आले. ‘कैपेसि’ म्हणजे हातबोल्या आणि ‘अलैपेसि’ म्हणजे लहरींवरून बोलणारा. ‘सेल्पेसि’ची गंमत अशी की, त्यात इंग्रजी ‘सेल’चा ध्वनी आहे आणि तमिळमध्ये ‘सेल्’ म्हणजे ‘जा’. त्यामुळे ‘जाता जाता बोलण्याचे साधन’ असाही अर्थ निघतो.

या उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. शब्द आटोपशीर असावा. तो ओळखीच्या साच्यातला असावा, म्हणजे ऐकणाऱ्याला कोश उघडावा लागत नाही. त्या शब्दाची खरी गरज असावी. ज्या वस्तूचे नाव आधीच सर्वांच्या तोंडी बसले आहे, तिचे नाव बदलणे कठीण असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो शब्द वापरणारी माणसे हवीत. शब्द घडवणारा एक असतो, पण त्याला भाषेत जागा देणारे असंख्य असतात.

७. आपणही करून पाहू

नावे देण्याचा हा उद्योग इतर देशांतही चालतो. डग्लस ॲडम्स आणि जॉन लॉइड या लेखकांनी १९८३ साली इंग्रजीत एक विनोदी कोश काढला. ज्या अनुभवांना आणि वस्तूंना नाव नाही, त्यांना त्यांनी गावांची नावे देऊन टाकली! तो खेळ होता. परंतु त्या खेळामुळे, आपण रोज किती बिननावाच्या गोष्टी हाताळतो, हे वाचकांच्या ध्यानी आले.

आपणही एक प्रयोग करू. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकची किंवा धातूची बारीक नळी असते. ती निघाली की नाडीचे टोक विसविशीत होते आणि भोकात ओवता येत नाही. इंग्रजीत तिला ‘ॲग्लेट’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘लहान सुई’ असा आहे. मराठीत काय म्हणावे?

कामावरून पाहिले तर ‘ओवणी’ म्हणता येईल. पण ऐकणाऱ्याला ती ओवण्याची क्रिया वाटण्याचा संभव आहे. आकारावरून ‘बोंड’ म्हणता येईल. पण बोंड फुगीर असते आणि ही नळी सडपातळ. लेखणीला ‘टोपण’ असते. मग नाडीलाही टोपण का असू नये? “नाडीचे टोपण निघाले” असे म्हटले, तर स्पष्टीकरण न देताही समजते. कदाचित तुमच्या गावच्या चर्मकाराकडे याहून चांगला शब्द असेल. तसे असेल तर तोच खरा.

वस्तूचे नाव ठाऊक असणे ही केवळ शब्दज्ञानाची गोष्ट नाही. ज्याला यंत्राच्या भागाचे नाव ठाऊक असते, तो बिघाड नेमका सांगू शकतो, दुकानात योग्य वस्तू मागू शकतो, आणि आपले कौशल्य दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्याला ते ठाऊक नसते, त्याला बोट दाखवावे लागते. आणि वस्तू समोर नसली तर तेही करता येत नाही. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या अनेक माणसांना वाटते की, आपल्याजवळ शब्द कमी आहेत. वास्तविक शेतात, भट्टीवर, मागावर किंवा बांधकामावर काम करताना त्यांनी जमवलेले कितीतरी शब्द कोशांतही सापडत नाहीत. ते शब्द लिहून ठेवले नाहीत, तर वैलासारखे विझून जातील. ते लिहून ठेवण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी, ते जाणणाऱ्याचीच आहे.

तुम्ही काय शिकलात?

• नाव नाही असे वाटणाऱ्या पुष्कळ वस्तूंना त्या हाताळणाऱ्यांच्या बोलीत नाव असते.
• काम, अवयव, आकार, द्रव्य, आवाज आणि उसनवारी या रीतींनी नावे पडतात.
• तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापदापासून साधनांची नावे तयार होतात.
• ओळखीच्या साच्यातला, गरजेचा आणि अनेकांनी वापरलेला शब्द टिकतो.

पाठान्त प्रश्न

१. ‘नेढे’ आणि ‘तांब्या’ ही नावे कोणत्या रीतींनी पडली आहेत, ते स्पष्ट करा.
२. ‘वरुडि’ आणि ‘गाळणी’ या शब्दांच्या घडणीतील साम्य सांगा.
३. ‘दिनांक’ आणि ‘तारीख’ हे दोन्ही शब्द टिकून आहेत. ते तुम्ही कोठे कोठे वापरता, ते उदाहरणांसह लिहा.
४. तुमच्या किंवा तुमच्या कुटुंबाच्या व्यवसायातील दहा लहान वस्तूंची नावे लिहा. प्रत्येक वस्तूचा उपयोग एका वाक्यात सांगा. घरातील वडीलधाऱ्या माणसाला ही यादी वाचून दाखवा आणि त्यांनी सांगितलेली भर तिच्यात घाला.
५. नाव नाही अशी तुम्हाला वाटणारी एक वस्तू निवडा. प्रथम तिचे नाव तीन जणांना विचारा. न मिळाल्यास स्वतः नाव सुचवा आणि तेच का सुचवले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.